कॅप्टन सांगणारा 'एक्स्पर्ट' गायब झाला, पण बारामती-इंदापूरच्या पोरांना तो अजून का आठवतो?

आयपीएलची मॅच साडेसातला, टॉस सात वाजता. मधला हा अर्धा तास लय महत्त्वाचा असायचा.

बारामतीत भिगवण चौकातल्या चहाच्या टपरीवर, एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर, भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्याला, इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर. जिथं चार पोरं जमतील तिथं मोबाईलमध्ये मान घालून एकाच मेसेजची वाट बघितली जायची. 'लाइनअप आऊट. फायनल टीम.' त्याखाली अकरा नावं. कॅप्टन कोण, व्हाइस कॅप्टन कोण आणि आज कुणाला हातच लावायचा नाही.

हा मेसेज पाठवणाऱ्याला कुणी 'सर' म्हणायचं, कुणी 'भाऊ', कुणी नुसतं 'एक्स्पर्ट'. त्याचं खरं नाव कुणाला माहिती नसायचं. गाव माहिती नसायचं. तोंड तर कुणी बघितलेलंच नसायचं. पण रोज संध्याकाळी सात ते साडेसात तो हजर असायचा, म्हणजे असायचाच.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला आणि असे एक्स्पर्ट एकामागोमाग एक गायब झाले. कुणी चॅनेल उडवलं, कुणी नंबर बंद केला, कुणी 'थोडे दिवस थांबा' एवढं लिहून गेला तो परत आलाच नाही.

आता खरी गंमत इथंच आहे. ज्यांचे पैसे त्याच्या नादानं गेले, त्यातलीच पोरं आज मॅच बघताना म्हणतात, आज तो असता तर सांगितलं असतं. शिव्या कमी आणि आठवणी जास्त. असं का होतं? तो खरंच हुशार होता का? आणि तो गेला तरी कशामुळं?

या भागाचा आणि ऑनलाइन गेमचा संबंध थेट मंत्रिमंडळापर्यंत पोचला होता

हा विषय फक्त टपरीवरचा नाही. २० जुलै २०२५ ला एक व्हिडिओ राज्यभर फिरला. विधान परिषदेच्या सभागृहात बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाईलवर रमी खेळत आहेत, असा आरोप करत हा व्हिडिओ टाकला होता रोहित पवार यांनी. मूळचे बारामतीचे, आमदार कर्जत-जामखेडचे. कोकाटेंनी आरोप फेटाळला. आपण गेम खेळत नव्हतो, मोबाईलवर आलेली जाहिरात बाजूला करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

वाद काही थांबला नाही. ३१ जुलैच्या रात्री खाती बदलली. कोकाटेंचं कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. कृषी खातं आलं इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडं, ज्यांच्याकडं तोपर्यंत क्रीडा खातं होतं. म्हणजे आरोप करणारे बारामतीचे, खातं मिळालं इंदापूरला आणि मधे होती मोबाईलवरची रमी.

तेव्हा सोशल मीडियावर 'रमी मंत्री' म्हणून मीम्सचा पाऊस पडला. पण त्याच वेळी मीम पाठवणाऱ्या कित्येकांच्या मोबाईलमध्ये तेच अॅप होतं. कारण हा खेळ तोपर्यंत घराघरात शिरला होता. टीम इंडियाच्या जर्सीवर ड्रीम इलेव्हनचं नाव होतं. २०२३ ते २०२६ या काळासाठी बीसीसीआयसोबत ३५८ कोटींचा करार झाला होता. देशाची टीमच ज्याचं नाव छातीवर लावून फिरते ते चुकीचं असेल, असं खेड्यातल्या पोराला तरी का वाटावं?

त्यात जिंकल्याच्या बातम्या जवळच्याच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी लागले. राज्यभर बातमी झाली. नंतर त्यांचं निलंबन झालं ती बातमीही आली. पण गावात चर्चा उरली ती दीड कोटींची. निलंबन लोक विसरून गेले.

क्रिकेट बंद होतं तेव्हा बेसबॉल शिकवणारा माणूस

या एक्स्पर्ट मंडळींची खरी जादू क्रिकेटमध्ये नव्हती. क्रिकेट तर प्रत्येकालाच कळतं. खरी जादू दिसली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये.

२९ मार्च २०२० ला सुरू होणारी आयपीएल पुढं ढकलली गेली. जगभरातले खेळ बंद पडले. पोरं घरात, हातात मोबाईल आणि खेळायला मॅच नाही. तेव्हा सगळ्यात आधी सुरू झालेल्या मोठ्या खेळांपैकी एक होता बेसबॉल. तैवानची लीग १२ एप्रिलला सुरू झाली, दक्षिण कोरियाची ५ मे ला. मैदानं रिकामी, पण मॅच चालू. फँटसी अॅपवर हे सामने आले आणि ज्यांनी आयुष्यात बेसबॉलची बॅट हातात घेतली नव्हती, ती पोरं दुपारी तीनला कोरियाच्या टीम बनवायला लागली.

आता बेसबॉलमध्ये टीम बनवायची कशी? इथं एक्स्पर्टची गरज लागली. तो सांगायचा की या खेळात सगळ्यात मोठा माणूस असतो पिचर, म्हणजे आपला बॉलर समजा. सुरुवातीचा पिचर रोज खेळत नाही. चार-पाच दिवस विश्रांती घेऊन त्याची पाळी येते. आज कोण पिचर आहे हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच जाहीर होतं. म्हणून आधी पिचर बघायचा, मग समोरचे बॅटर डावखुरे किती ते बघायचं, मग टीम लावायची.

ही माहिती खोटी नव्हती. बेसबॉल असाच बघतात. ज्याला कोरियातल्या एका शहराचं नाव धड घेता येत नव्हतं, त्याला दोन आठवड्यात तिथल्या पिचरची पाळी कधी आहे हे कळायला लागलं. शिकवणारा भेटला की माणूस त्याला गुरू मानतो. लॉकडाऊनमध्ये बाकी सगळं बंद असताना रोज ठरलेल्या वेळेला येणारा, काहीतरी नवीन सांगणारा माणूस लक्षात राहिला तर त्यात नवल नाही.

फक्त एक गोष्ट त्यात मिसळली गेली. खेळ समजणं वेगळं आणि खेळावर पैसे लावून कमावणं वेगळं.

अमेरिकेत हा फरक आकड्यात मांडलेला आहे. तिथं २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर एकेका राज्यानं खेळावरची बेटिंग कायदेशीर केली. तिथल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम आणि प्रत्येकीच्या १६२ मॅच. म्हणजे एका सीझनला २,४३० सामने, रोज टिप द्यायला भरपूर माल. दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या तर साधारण भाव असा असतो की १०० डॉलर जिंकायला ११० लावावे लागतात. याचा अर्थ १०० पैकी ५० अंदाज बरोबर आले तरी माणूस तोट्यात जातो. नुसतं बरोबरीत यायला सुद्धा ५२ पेक्षा जास्त अंदाज बरोबर यावे लागतात. ५५ बरोबर आणणारा तिथं भारी समजला जातो. आणि आपल्याकडं 'नव्वद टक्के पासिंग' असं डीपीवर लिहिलेलं असायचं.

ही परंपरा मटक्याएवढी जुनी आहे

अमेरिकेतल्या आकड्यावर महाराष्ट्रात पैसे लावणं ही काही मोबाईलनं आणलेली गोष्ट नाही. मटक्याची सुरुवातच तशी झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव मुंबईत यायचा आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. ते आकडे येणं बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून नाव पडलं मटका. पुढं चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, नाव तेच राहिलं.

मटक्यासोबतच जन्माला आला 'आकडा सांगणारा' माणूस. गावागावात असा एकजण असायचा. वहीत जुने चार्ट उतरवलेले, त्यावर रेघोट्या मारलेल्या. मंगळवारी अमुक आला की शुक्रवारी तमुक येतो असा हिशोब. कुणी स्वप्नावरून आकडा काढायचा, कुणी गाडीच्या नंबरवरून. त्याचा आकडा लागला की गावभर नाव, नाही लागला की 'एका घरानं हुकला'.

रतन खत्री यांचं निधन ९ मे २०२० ला झालं. योगायोग बघा, कोरियाचं बेसबॉल सुरू होऊन चारच दिवस झाले होते. मडक्याचा जमाना संपत होता आणि मोबाईलवर त्याच कामाला नवीन माणूस बसत होता. वहीच्या जागी एक्सेल शीट आली, आकड्याच्या जागी कॅप्टन आला.

पण एक मोठा फरक पडला. गावातला आकडा सांगणारा गावातच राहायचा. बैलगाडा शर्यतीत कुठला बैल आज पळेल हे सांगणारा जाणकार असो की कुस्तीच्या फडात कोण कुणाला चितपट करेल हे सांगणारा वस्ताद असो, त्याचा अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याची टिंगल व्हायची. दहा वेळा चुकला तर अकराव्यांदा कुणी त्याला विचारायचं नाही. त्याचं चुकणं सगळ्यांना दिसायचं. ऑनलाइन एक्स्पर्टला ही अडचणच नव्हती. चुकलेला मेसेज डिलीट करायला एक सेकंद लागतो.

मग टिप बरोबर कशी यायची?

इथं एक जुनी ट्रिक समजून घ्यावी लागते. ती जगभर वापरली जाते आणि तिला क्रिकेट कळायची गरजच नाही.

समजा एकाकडं ६,४०० लोकांचे नंबर आहेत. पहिल्या मॅचला त्यानं निम्म्या लोकांना सांगितलं की मुंबई जिंकेल आणि निम्म्यांना सांगितलं की चेन्नई जिंकेल. काहीही झालं तरी ३,२०० लोकांसाठी त्याचं बरोबर आलं. दुसऱ्या मॅचला फक्त त्या ३,२०० लोकांना पकडायचं. पुन्हा निम्मे-निम्मे. मग १,६००. मग ८००. मग ४००, २०० आणि सहाव्या मॅचनंतर उरतात १०० लोक.

या १०० लोकांनी काय बघितलं? एक माणूस सलग सहा वेळा बरोबर आला. त्यांच्या दृष्टीनं तो देव आहे. आता सातव्या मॅचसाठी त्यानं पाच हजार फी मागितली तर हे लोक खुशीनं देणार. बाकीच्या ६,३०० लोकांनी त्याला कधीच सोडून दिलेलं असतं आणि त्यांचा आवाज या १०० लोकांपर्यंत कधी पोचत नाही.

प्रत्येक एक्स्पर्ट असा मुद्दाम फसवत होता असं नाही. पण मुद्दाम न करताही हेच घडतं. राज्यात हजारो लोक रोज टिप देत असतील तर निव्वळ नशिबानं त्यातल्या काहींच्या टिपा सलग बरोबर येणारच. त्यांचं नाव होतं, लोक त्यांच्याकडं जातात. ज्यांच्या टिपा चुकल्या त्यांची चॅनेल बंद पडतात आणि कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. मागं वळून बघितलं की फक्त जिंकणारेच दिसतात.

खरी गोम आहे वाटलेल्या टीममध्ये

फँटसी क्रिकेटमध्ये तर याच्याही पुढचा विषय आहे. दोन्ही संघांचे मिळून २२ खेळाडू. त्यातून ११ निवडायचे तर ७ लाख ५ हजार ४३२ वेगवेगळ्या टीम होतात. त्या अकरांत कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन निवडायचे ११० प्रकार. गुणाकार केला की आकडा येतो ७ कोटी ७५ लाख ९७ हजार ५२०. अॅपच्या नियमांमुळं यातल्या काही टीम बाद होतात, पण तरी आकडा कोटीतच राहतो. त्यातली एकच सगळ्यात वर येणार.

बरं, समजा एक्स्पर्टनं ती एक टीम खरंच ओळखली. मग काय? त्यानं ती चॅनेलवरच्या दहा हजार लोकांना पाठवली. दहा हजार लोकांनी तीच टीम लावली. पहिला नंबर दहा हजार लोकांत वाटला गेला. वरच्या दहा हजार नंबरांची सगळी बक्षिसं एकत्र करून तेवढ्यांत वाटली की प्रत्येकाच्या हातात येणार किती? एक कोटीचं स्वप्न काही हजारांवर किंवा त्याच्याही खाली येऊन बसतं.

थोडक्यात काय, मोठ्या लीगमध्ये कोटी मिळवून देणारी टीम ही सगळ्यांना वाटता येणारी वस्तूच नाही. ज्याला ती खरंच माहिती आहे त्यानं गप्प बसून स्वतः लावली पाहिजे. तो जर रोज दहा हजार लोकांना फुकट वाटत असेल, तर त्याची कमाई त्या टीममधून होत नाही. मग ती कुठून होते?

त्याचा पगार कोण देत होतं?

एक्स्पर्टचं उत्पन्न तीन ठिकाणांहून यायचं. पहिलं, फी. 'प्राइम', 'व्हीआयपी' अशी वेगळी मेंबरशिप, महिन्याला काही शे ते काही हजार. मॅच हरली तरी फी परत नाही.

दुसरं, लिंक. 'या लिंकवरून अॅप डाउनलोड करा, बोनस मिळेल' असा मेसेज प्रत्येक चॅनेलवर वर चिकटवलेला असायचा. त्या लिंकवरून जो नवीन माणूस येईल त्यामागं लिंक देणाऱ्याला पैसे मिळतात. त्यामुळं एक्स्पर्टला टीम बरोबर येण्यापेक्षा माणसं येण्यात जास्त रस.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट आणि तो चालतो परदेशातून चालणाऱ्या बेकायदा बेटिंग साइटवर. तिथं आणलेला माणूस जितकं हरेल, त्यातला ठरलेला हिस्सा त्याला आणणाऱ्याला मिळतो. हे वाक्य परत वाचण्यासारखं आहे. टिप घेणारा हरला तर टिप देणारा कमावतो. अशा माणसाला रात्री अकराला 'लॉस झाला, आता रिकव्हरीसाठी काय लावू' असा मेसेज गेला, तर उत्तर काय येणार हे ठरलेलंच. 'डबल लाव.'

जिंकल्याचे स्क्रीनशॉट मात्र खरे असू शकतात, कारण हरणारा माणूसही खूप वेळा जिंकत असतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण बेसबॉलमधलंच आहे. बेसबॉलचा सुपरस्टार शोहेई ओहतानी याचा दुभाषी इप्पेई मिझुहारा बेकायदा बुकीकडं दोन वर्षं पैसे लावत होता. अमेरिकी तपास यंत्रणांच्या कागदपत्रांनुसार त्यानं साधारण १९ हजार बेट लावल्या. त्यात तो जिंकला १४ कोटी २० लाख डॉलरहून जास्त. आणि हरला जवळपास १८ कोटी ३० लाख डॉलर. फरक भरायला त्यानं ओहतानीच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर चोरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली. त्यानं फक्त जिंकलेल्या बेटचे स्क्रीनशॉट टाकले असते तर जगातला सगळ्यात मोठा एक्स्पर्ट वाटला असता.

गायब का झाला?

२० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत विधेयक मंजूर झालं आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. तीन दिवसांत खेळ संपला. ड्रीम इलेव्हननं पैसे लावायच्या स्पर्धा बंद केल्या, टीम इंडियाच्या जर्सीवरूनही नाव गेलं.

आधीचे बरेच वाद 'हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा' या मुद्द्यावर अडायचे. रमी आणि फँटसीला कोर्टानं कौशल्याचा खेळ म्हटल्याचे निकाल होते आणि कंपन्या त्यावर उभ्या होत्या. नवीन कायद्यानं तो मुद्दाच बाजूला ठेवला. खेळ कुठलाही असो, पैसे लावून पैसे जिंकायची आशा असेल तर बंदी. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायदा त्याच्याकडं बळी पडलेला म्हणून बघतो. कंपन्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या याचिका सुप्रीम कोर्टानं स्वतःकडं घेतल्या.

आता एक्स्पर्ट का पळाला हे कळतं. त्याची लिंक ही जाहिरात होती. जाहिरातीला शिक्षा आहे. कंपनीकडून येणारा पैसा बंद आणि वर कैदेची भीती. ज्याचं नाव-गावच कुणाला माहिती नाही त्याला जायला वेळ किती लागणार? आयडी बदलली की माणूस संपला.

तरीही आठवण का येते?

पहिलं कारण, हरलेला माणूस गप्प बसतो. साखर कारखान्यांचा हंगाम संपत येतो आणि आयपीएल सुरू होते, ही वेळ एकच. उसाचं बिल खात्यावर पडलेलं असतं, खात्याचं यूपीआय पोराच्या मोबाईलवर असतं. त्यातले पंधरा-वीस हजार गेले तर ते पोरगं घरात सांगत नाही आणि मित्रांतही सांगत नाही. मोटरचं बिल भरलं, गाडीचं काम निघालं अशी कारणं सांगून वेळ मारून नेतं. जिंकलेला पाचशे रुपये जिंकला तरी चौकात पार्टी देतो. त्यामुळं चौकाच्या आठवणीत फक्त पार्ट्या उरतात.

दुसरं कारण, सलग हरताना मधे एकदा आलेला मोठा विजय डोक्यात पक्का बसतो. 'त्या दिवशी त्यानं सांगितलेला कॅप्टन चालला होता' हे तारखेसकट आठवतं. आधीचे चाळीस दिवस आठवत नाहीत. यात मूर्खपणा नाही, प्रत्येक माणसाचं डोकं असंच चालतं.

तिसरं कारण जरा नाजूक आहे. पोरं ज्याची आठवण काढतात ती टिप नसते. बारामतीच्या एमआयडीसीत गाड्यांपासून चॉकलेटपर्यंत सगळं बनतं, तिथं शिफ्टमध्ये काम करणारी पोरं बाहेरगावची. एका खोलीत चौघं राहतात. इंदापूरच्या गावात डिग्री घेऊन भरतीची तयारी करणारी पोरं वर्षानुवर्षं एकाच निकालाची वाट बघतात. त्यांच्या दिवसात संध्याकाळी सातचा मेसेज ही ठरलेली गोष्ट होती. चार लोक एकत्र यायचे, कॅप्टनवरून भांडायचे, एकाच टीमसाठी ओरडायचे. दिवसभर कुणी विचारत नसलेल्या पोराला तिथं कुणीतरी 'भावा, आज काय वाटतंय' असं विचारायचं.

ती सोबत खरी होती. फक्त तिचं भाडं रोज भरावं लागायचं, आणि ते कुठं जातं हे कुणी विचारत नव्हतं. पैसा गेला तरी माणसाला सोबतच आठवते, म्हणून एक्स्पर्टबद्दल राग कमी दिसतो.

आता धोका कुठं आहे?

बंदी आली म्हणून सगळे घरी बसले असं समजायचं कारण नाही. ज्यांना सवय लागली त्यांच्यासाठी आता नवीन दारं उघडली जातायत.

एक, 'मीच तो जुना एक्स्पर्ट' म्हणून येणारे मेसेज. त्याचं तोंडच कुणी बघितलेलं नाही, त्यामुळं कुणीही त्याच्या नावानं येऊ शकतो. जुने अडकलेले पैसे काढून देतो, फक्त आधी प्रोसेसिंग फी भरा, असं सांगितलं की तो हमखास फसवणारा.

दोन, परदेशी बेटिंगची 'आयडी'. अॅप स्टोअरवर नसलेली, व्हॉट्सअॅपवर मिळणारी. इथं जिंकलेले पैसे दिले नाहीत तर तक्रार करायला कंपनीचं ऑफिस पण नाही. हे जाळं लांब नाही. मे २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच नारायणगावात पुणे ग्रामीण पोलिसांनी एका इमारतीवर छापा टाकला होता. महादेव बेटिंग अॅपशी संबंधित म्हणून ती कारवाई गाजली आणि तिथं काम करणाऱ्या डझनावारी लोकांना ताब्यात घेण्यात आलं. अशा धंद्याला पैसे फिरवायला लोकांची बँक खाती लागतात. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार देतो' या बोलण्याला भुलून खातं दिलेल्या पोराचं खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस त्याच्याच दारात येते.

तीन, शेअर बाजारातले ऑप्शन. टिप देणारा तोच, भाषा तीच, फक्त कॅप्टनच्या जागी निफ्टी. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा होता १ लाख ८० हजार कोटींच्या वर. ते कायदेशीर आहे, पण टिपेवर खेळणाऱ्याचं गणित काही वेगळं नाही.

पैसे फसवून गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जितका उशीर तितका पैसा लांब जातो. कर्ज झालंय, घरात सांगता येत नाही, डोक्यात नको ते विचार येतायत, अशा वेळी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. खेळणाऱ्याला कायद्यात शिक्षा नाही, त्यामुळं सांगायला घाबरायचं कारण नाही.

आणि चौकात परत कधी त्या एक्स्पर्टचा विषय निघाला, तर एक काम करता येईल. यूपीआयचं स्टेटमेंट काढायचं. अॅपमध्ये एकूण किती टाकले आणि एकूण किती परत आले, या दोनच बेरजा करायच्या. त्यानं सांगितलेला कॅप्टन किती वेळा चालला याची आठवण प्रत्येकाची वेगळी असेल. या बेरजेत मात्र कुणाला काही डिलीट करता येत नाही.